सहा राउंड, एक्केचाळीस दिवस : वाळूजच्या एका कारखान्यातली निवड

३ ऑगस्ट २०२४, शनिवार. दुपारी सव्वाचारच्या सुमारास आमच्याकडे नोकरीसाठी मुलाखती देत असलेल्या सेलूच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, सोमवारी साहेबांना भेटायला मला येता येणार नाही. मी दुसरीकडं जॉइन व्हायलोय." मी विचारलं, पगार जास्त मिळाला का? तो म्हणाला, "नाही मॅडम, थोडा कमीच आहे. पण त्यांनी एका दिवसात सांगितलं."

सोमवारी त्याचा निवडीचा सहावा आणि शेवटचा राउंड होता. आमच्याकडे पहिला फोन त्याला २४ जूनला गेला होता. म्हणजे हा एक्केचाळिसावा दिवस. पाचही फेऱ्यांत त्याच्याबद्दल कुणी 'नको' म्हटलेलं नव्हतं. सगळ्यांनाच तो हवा होता आणि तरी तो गेला. त्या दिवसापासून हे प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आपल्या भागातल्या इतर कारखान्यांतल्या एचआरवाल्यांना उपयोग होईल म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. कंपनीचं आणि माणसांची नावं देत नाही, त्यांची गरजही नाही.

आमचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत आहे. दुचाकी आणि ट्रॅक्टरसाठी शाफ्ट, फ्लँज, बुश असे मशिनिंग केलेले भाग बनवतो. माणसं साधारण अडीचशे. बजाज ऑटोचा प्लांट १९८५ मध्ये इथे उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग सुट्या भागांचे शेकडो कारखाने आले. त्यातलाच आमचा एक. मालकांनी चार लेथ मशिनवर सुरुवात केली होती. आता सीएनसी आणि व्हीएमसी अशा संगणकावर चालणाऱ्या मशिनच्या दोन रांगा आहेत, पुण्यात छोटं ऑफिस आहे. मी मूळची लातूरची. या एमआयडीसीत सोळा वर्षं नोकरी केली, त्यातली सात इथे.

जागा होती क्वालिटी इंजिनिअरची. ग्राहकाकडून तक्रार आली की कारण शोधायचं, एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल) लिहायचा, लाइनवर जाऊन दुरुस्ती बसवायची. आधीचा इंजिनिअर नोटीस देऊन गेला होता. सेलूचा मुलगा चाकणला एका कंपनीत हेच काम करत होता. मेकॅनिकल डिप्लोमा, पाच वर्षांचा अनुभव. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घरी शेती, धाकटी बहीण परभणीला शिकायला. त्याला मराठवाड्यात परत यायचं होतं. वाळूजहून शनिवारी निघालं की रात्री सेलूत पोचता येतं. चाकणहून त्यालाच पूर्ण रात्र जाते. चाकण-रांजणगावला आपल्याकडची किती पोरं आहेत आणि त्यातल्या कितीजणांना परतायचंय, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. असा माणूस स्वतःहून दारात येतो तेव्हा त्याला आत घ्यायला किती वेळ लावायचा, एवढाच खरं तर या प्रकरणाचा प्रश्न आहे.

आमचे सहा राउंड असे होते. पहिला माझा फोन. दुसरा प्लांटवर, क्वालिटी मॅनेजरसोबत. तिसरा ऑनलाइन परीक्षा, त्यात गणित, इंग्रजी आणि स्वभावचाचणी. चौथा प्लांट हेडचा. पाचवा पुणे ऑफिसच्या एचआर प्रमुखांचा व्हिडिओ कॉल. सहावी साहेबांची भेट. साहेब म्हणजे मालक.

मुलाच्या बाजूने हे कसं घडलं ते मी नंतर त्याच्याशी बोलून आणि माझ्या ईमेल चाळून जुळवलं. २९ जूनला तो दुसऱ्या राउंडला आला. रात्रीची बस, पहाटे वाळूजजवळच्या पंढरपूरच्या स्टॉपवर उतरला, सुलभ शौचालयात तोंड धुतलं, शर्ट बदलला आणि साडेनऊला गेटवर हजर. क्वालिटी मॅनेजर त्याच्याशी सव्वा तास बोलले आणि संध्याकाळी मला म्हणाले, "हाच पाहिजे. बाकीचे बोलावू नका." ४ जुलैला त्याने ऑनलाइन परीक्षा दिली. त्यानंतर प्लांट हेड ग्राहकाकडे, मग ऑडिटमध्ये. तारीख मिळाली ती १७ जुलैची.

१७ जुलै म्हणजे आषाढी एकादशी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, वाळूजलाही पंढरपूर आहे, आम्ही त्याला छोटं पंढरपूर म्हणतो. आषाढीला आसपासच्या गावांतून दिंड्या येतात, शहरातून माणसं रात्रीच चालत निघतात आणि नगर रोडची वाहतूक वळवावी लागते. सात वर्षं मी दरवर्षी हे बघते. तरीही कॅलेंडर न पाहता मी ती तारीख कळवली. मुलगा स्टॉपच्या बराच अलीकडे बसमधून उतरला आणि गर्दीतून चालत आला. पोचायला सव्वा तास उशीर. तोवर प्लांट हेड मीटिंगमध्ये गेले. त्याला अडीच वाजेपर्यंत सेक्युरिटी केबिनजवळच्या बाकावर बसवलं. मुलाखत झाली बारा मिनिटं. पहिला प्रश्न होता, "स्वतःबद्दल सांगा."

निघताना तो माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, पगार साधारण किती धरायचा?" आमचा नियम असा की साहेबांच्या भेटीआधी आकडा सांगायचा नाही. मी नियम सांगितला. तो "बरं" म्हणाला आणि गेला. चार राउंड देऊन, दोनदा रजा टाकून, दोनदा रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला आपण पगाराचा अंदाजही देत नाही, ही गोष्ट मला तेव्हा खटकायला हवी होती. तो नियम मोडायचा अधिकार माझ्याकडे नव्हता, पण तो बदला असं म्हणायचा होता आणि मी तो वापरला नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

२६ जुलैच्या पुणे राउंडचा शेरा माझ्याकडे आहे : "तांत्रिक उत्तरं ठीक. उमेदवार अस्वस्थ वाटला. आवाज दबका. आत्मविश्वास कमी?" मुलगा तेव्हा चाकणच्या कंपनीच्या कँटीनमागे, सायकल स्टँडजवळ उभा होता. फर्स्ट शिफ्ट चालू होती. दुसरी नोकरी बघतोय हे सुपरवायझरला कळलं तर असलेली जायची. त्याचा आवाज दबका असणारच! आम्ही ऐकली ती त्याची परिस्थिती आणि शेऱ्यात लिहिला त्याचा स्वभाव.

तो गेल्यावर ती जागा २३ सप्टेंबरपर्यंत रिकामी राहिली. मध्ये एका फ्लँजच्या बोअरची, म्हणजे मधल्या भोकाची, तक्रार आली. एट-डी लिहायला माणूस नव्हता. क्वालिटी मॅनेजर स्वतः रात्री बसून लिहीत होते आणि लाइनवरची तीन माणसं दोन आठवडे एकेक नग बोअर गेजने तपासून वेगळा काढत होती. शेवटी यादीतला दुसरा उमेदवार घेतला. चांगला, कष्टाळू मुलगा. पण चार महिन्यांनी त्यानेच सांगितलं की त्याला क्वालिटीत रस नाही, प्लॅनिंगमध्ये जायचंय. आता तो प्लॅनिंगला आहे आणि उत्तम काम करतोय. सहा राउंडमध्ये त्याला एकदाही कुणी विचारलं नव्हतं की तुला नेमकं कोणतं काम करायला आवडतं. "स्वतःबद्दल सांगा" हे मात्र पाच जणांनी विचारलं होतं.

त्याने सगळे राउंड पूर्ण कसे केले? त्याच्या हातात तेव्हा नोकरी नव्हती, तो संभाजीनगरात मामांकडे राहत होता आणि बजाजनगरहून शेअर रिक्षाने दहा मिनिटांत गेटवर यायचा. प्रक्रिया लांबली की ती हुशार माणूस निवडत नाही, थांबू शकणारा माणूस निवडते. आपल्याकडे थांबू कोण शकतं? ज्याच्या घरात एक पगार आधीच येतो, ज्याला शहरात राहायला हक्काचं घर आहे. हिंगोलीच्या, गंगाखेडच्या, औशाच्या पोराला ते परवडत नाही. सेलूच्या मुलाने मला हिशेब सांगितला : भाडं, बाहेरचं खाणं आणि बुडालेला पगार धरून प्रत्येक खेपेला अडीच हजारांच्या आसपास. साहेबांची भेट धरली असती तर तिसरी खेप झाली असती.

ऑक्टोबरमध्ये मी मागच्या दोन वर्षांतल्या स्टाफ भरतीच्या फायली काढल्या. एकूण १८ जागा. प्रत्येक फायलीत एकच गोष्ट शोधली : दुसऱ्या राउंडनंतर विभागप्रमुखाची पहिली पसंती कोण होती आणि शेवटी नेमणूक कुणाची झाली? १३ वेळा दोन्ही नावं एकच होती. ४ वेळा पहिली पसंती असलेला माणूस मधेच स्वतःहून गळाला. उरलेल्या एकाच प्रकरणात पुढच्या राउंडने निर्णय बदलला होता. तोही मुलाखतीमुळे बदलला नव्हता. प्लांट हेडनी उमेदवाराच्या जुन्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला फोन केला तेव्हा तपासणीच्या नोंदी खोट्या भरल्याचं कळलं होतं. दहा मिनिटांचा फोन. तो दुसऱ्या राउंडच्या दिवशीही करता आला असता.

त्याच फायलींत आणखी एक गोष्ट दिसली आणि ती पाहून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. दुसऱ्या राउंडपर्यंत आलेल्या मुली ९ होत्या. चौथ्या राउंडला पोचल्या २. सातजणींपैकी एकीलाही आम्ही नाकारलं नव्हतं. त्या आल्याच नाहीत. मी त्यातल्या तिघींना फोन केला. एकीच्या वडिलांनी दोनदा सोबत येऊन तिसऱ्यांदा नाही म्हटलं होतं. दुसरी जालन्याची, तिला चौथ्या राउंडची वेळ साडेचारची दिली होती आणि परतायला रात्र झाली असती. तिसरी म्हणाली, "सारखं सारखं बोलवायले म्हणल्यावर घरचे म्हणले, घ्यायचं नसंल त्यांना." पोस्टिंगमध्ये आम्ही लिहितो की मुलींनाही संधी आहे. ते खरंही आहे. पण वाट अशी आखली होती की बहुतेक मुली मधेच परत फिरत होत्या.

मग मी शोधायला लागले की हे सहा राउंड आले कुठून. कुणीतरी एका दिवशी बसून ठरवलं असेल असा माझा समज होता. तसं नव्हतं. साहेबांची भेट सगळ्यात जुनी. ऑनलाइन परीक्षा एक सुपरवायझर तीन महिन्यांत सोडून गेला त्यानंतर आली. प्लांट हेडचा राउंड विभागप्रमुखाने आपल्या नात्यातला मुलगा घेतला, त्यावरून वाद झाला, तेव्हा आला. पुण्याचा कॉल पुण्यात ऑफिस उघडल्यावर आला. प्रत्येक राउंड म्हणजे एका जुन्या चुकीची आठवण होती. एकदा वाढवलेला राउंड नंतर काढायला कुणी तयार नसतो. काढला आणि पुढचा माणूस वाईट निघाला, तर बोट आपल्याकडे येईल ही भीती. सहा जणांनी सह्या केल्या की चूक कुणाचीच नसते. मला वाटतं, राउंड वाढण्याचं खरं कारण बहुतेक ठिकाणी हेच असतं.

यात गणिताची एक बाजू आहे आणि राउंड कमी करण्याबद्दल साहेब आणि प्लांट हेड यांच्यासोबत बैठक झाली तेव्हा ती मी फळ्यावर मांडली. धरून चला की उमेदवार खरोखर चांगला आहे आणि प्रत्येक राउंडला तो पास होण्याची शक्यता शंभरात ९० आहे. कधी त्याचा दिवस वाईट, कधी समोरच्याचा. प्रत्येक राउंडला नाकारायचा अधिकार असेल, तर तीन राउंडमधून असे शंभरातले ७३ जण निघतील. सहामधून ५३. म्हणजे सहा चाळण्या लावून आपण जवळपास निम्मी चांगली माणसं घालवतो, आणि यात कंटाळून गेलेले धरलेच नाहीत. लाइनवर शंभरात ४७ चांगले नग रिजेक्ट करणारं गेज आम्ही एक दिवसही ठेवलं नसतं.

प्लांट हेडनी यावर योग्य प्रश्न विचारला. "मग वाईट माणूसही चाळणीतून निघून जाईल त्याचं काय?" ते बरोबर बोलत होते. जास्त डोळ्यांनी बघितलं तर चूक कमी होते हे खरंच आहे, पण त्याला अट आहे. ते डोळे वेगवेगळे हवेत. आमच्याकडे फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना आधीचा शेरा सोबत जायचा. क्वालिटी मॅनेजरने 'उत्तम' लिहिलं की पुढचे 'सहमत' लिहायचे. सहा मतं दिसत होती, प्रत्यक्षात मत एकच होतं.

गूगलचं उदाहरण या विषयात नेहमी दिलं जातं. त्यांच्याकडे एकेका उमेदवाराच्या वीस-पंचवीस मुलाखतीही व्हायच्या. मग त्यांनी स्वतःच्याच नोंदी तपासल्या. चार मुलाखतींनंतर घ्यायचं की नाही हे ८६ टक्के खात्रीने सांगता येत होतं. पाचव्यापासून पुढच्या प्रत्येक मुलाखतीने त्यात जेमतेम एका टक्क्याची भर पडत होती. म्हणून त्यांनी चारवर थांबायचा नियम केला. मी हा आकडा आमच्यासाठी लक्ष्य म्हणून मांडला नाही, कमाल मर्यादा म्हणून मांडला. लाखो अर्ज येणाऱ्या, जगभर ऑफिसं असणाऱ्या कंपनीला चार पुरतात, तर अडीचशे माणसांच्या मशीन शॉपला पाच-सहा कशाला?

त्याहून महत्त्वाचा मुद्दा मला दुसऱ्या अभ्यासात सापडला. श्मिट आणि हंटर या अमेरिकी संशोधकांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांतल्या संशोधनाचा एकत्र हिशेब मांडला होता. निवडीच्या वेळचं मूल्यमापन आणि पुढे प्रत्यक्षातलं काम यांचा मेळ किती, हे शून्य ते एक या मापात. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून गुण देणाऱ्या मुलाखतीचा मेळ ०.५१ आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.३८ निघाला होता. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते गणित पुन्हा तपासलं तेव्हा हे आकडे खाली आले : ०.४२ आणि ०.१९. कामाच्या ज्ञानाची परीक्षा ०.४०, प्रत्यक्ष काम करून दाखवणं ०.३३. अनुभवाची नुसती वर्षं मोजली तर फक्त ०.०७. म्हणजे ठरलेल्या प्रश्नांच्या एका मुलाखतीची ताकद गप्पांच्या मुलाखतीच्या दुपटीहून जास्त आहे. आणि आमच्या सहापैकी चार राउंड निव्वळ गप्पांचे होते.

गप्पांचा आपल्याकडे आणखी एक धोका आहे, तो कुठल्या आकड्यात येत नाही. "गाव कोणतं? तिकडं ते अमुक आहेत ना, ते कोण तुमचे?" हा प्रश्न मराठवाड्यात आपुलकीने विचारतात हे मला मान्य आहे. मीही विचारते. पण मुलाखतीच्या टेबलावर त्या प्रश्नाचं उत्तर आडनाव, जात, पाहुणे-रावळे यांच्यापर्यंत जातं आणि समोरच्याचं मत तिथेच बनतं, त्याला स्वतःलाही नकळत. उमेदवाराला ते लगेच कळतं. त्याचा चेहरा बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय. जेवढे गप्पांचे राउंड जास्त, तेवढे वेळा हा प्रश्न येणार.

बैठकीत सगळ्यात वेगळं बोलले ते साहेब. मला वाटलं होतं की ते स्वतःची भेट सोडायला तयार होणार नाहीत. त्यांनी आधी विचारलं, "कलेक्टर निवडायला किती मुलाखती घेतात?" मी सांगितलं, एक. यूपीएससीत मुख्य परीक्षेचे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५, एकूण २०२५. आणि केंद्र सरकारने गट क, ड आणि अराजपत्रित गट ब अशा कनिष्ठ पदांच्या मुलाखती तर १ जानेवारी २०१६ पासून बंदच केल्या. ते म्हणाले, "बघा. आधी पेपर, मग भेट. आपण नुसत्याच भेटी घ्यायलो."

मग त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. तीस माणसं होती तेव्हा ते उमेदवाराला केबिनमध्ये बसवतच नसत. थेट मशिनपाशी न्यायचे, हातात मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि एक नग द्यायचे आणि म्हणायचे, माप सांग. "मायक्रोमीटर कसा धरतो, आधी शून्य बघतो का, नग पुसून घेतो का, तेवढ्यात माणूस कळायचा." पुढे कारखाना वाढला, केबिन झाली, मायक्रोमीटर टूलरूममध्ये राहिला आणि राउंडमध्ये चहा आणि गावाची चौकशी उरली. आमच्याकडची सर्वांत चांगली परीक्षा आम्हीच कधीतरी बंद केली होती आणि तिच्या जागी पाच गोष्टी आणल्या होत्या.

नवी पद्धत त्या मायक्रोमीटरभोवती बांधली. डिसेंबर २०२४ पासून ती अशी चालते.

आधी माझा फोन, वीस मिनिटं. त्यात पहिल्याच पाच मिनिटांत पगाराची पट्टी, शिफ्ट, सुट्टी आणि गाडीची सोय सांगायची. न जमणारा माणूस तिथेच मोकळा होतो, त्याची खेप वाचते. मग प्लांटवर एकच दिवस. दहाला सुरुवात, साडेतीनला उमेदवार गेटबाहेर, म्हणजे जालन्याची मुलगीसुद्धा उजेडात घरी पोचते. सकाळी एक तास काम. क्वालिटीच्या जागेसाठी दहा नग, एक ड्रॉइंग, लागतील ती मापनाची साधनं. त्यातले तीन नग सदोष. शोधायचे आणि काय झालं असावं ते मराठीत किंवा इंग्रजीत अर्धं पान लिहायचं. हे नग जुने, बंद पडलेल्या भागाचे असतात. चालू अडचण उमेदवाराकडून फुकटात सोडवून घ्यायची नाही, यावर मी अडून बसले. काही कंपन्या ते करतात आणि पोरांना ते कळतं.

त्यानंतर क्वालिटी मॅनेजर आणि प्रॉडक्शन इन्चार्ज दोघं एकत्र मुलाखत घेतात, पाऊण तास. सगळ्यांना तेच आठ प्रश्न. "ग्राहकाने परत पाठवलेला माल पाहून प्रॉडक्शनवाल्यांशी तुमचा वाद झाला असेल, तो प्रसंग सांगा, तुम्ही काय केलं?" अशा धाटणीचे. दोघांनी आपापले गुण एकमेकांशी बोलण्याआधी कागदावर लिहून माझ्याकडे द्यायचे. डबा खाऊन प्लांट हेडसोबत अर्धा तास, त्यातली पंधरा मिनिटं शॉप फ्लोअरवर चालत, आणि या वेळात प्रश्न विचारायचे ते उमेदवाराने. संदर्भासाठी जुन्या कंपनीत एक फोन, उमेदवाराच्या परवानगीने, सध्याची नोकरी धोक्यात येणार नाही अशा ठिकाणी. ४८ तासांत हो किंवा नाही. नाही असेल तरी फोन करून. भाड्याचे पैसे त्याच दिवशी रोख, व्हाउचरवर सही घेऊन.

म्हणजे इंजिनिअर पातळीला बोलणी तीन, खेप एक. ऑपरेटर आणि आयटीआयच्या पोरांना त्याहून कमी : एक ट्रेड टेस्ट, एक बोलणं, त्याच दिवशी उत्तर. विभागप्रमुख किंवा अकाउंट्सच्या प्रमुखाच्या जागेसाठी चार आणि तिथे साहेबांची भेट ठेवली आहे, कारण त्या माणसाला रोज त्यांच्याशीच काम करायचंय. पुण्याचा कॉल फक्त पुण्यात बसणाऱ्या माणसांसाठी. त्यावरून थोडी नाराजी झाली, अजून आहे.

जून २०२५ पर्यंत या पद्धतीने सात जागा भरल्या. सगळ्यात लांबलेली १९ दिवस चालली. सातांत दोन मुली आहेत, त्यातली एक मेंटेनन्सला, जी आमच्याकडे आधी कधी नव्हती. सगळं सुरळीत झालं असंही नाही. टूलरूमला घेतलेला एक जण कामात हातखंडा, पण दोन महिन्यांत तिघांशी भांडला आणि गेला. आम्ही त्याच्या जुन्या कंपनीत फोन केला होता, पण ज्याला केला तो त्याचा मित्र निघाला. तेव्हापासून संदर्भ देणारा माणूस उमेदवाराचा वरिष्ठ असलाच पाहिजे अशी अट घातली. ठरलेले प्रश्न विचारताना मॅनेजर मंडळींना सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं, कागद बघून बोलणं अपमानाचं वाटायचं. प्रॉडक्शन इन्चार्ज तर दोनदा परत "स्वतःबद्दल सांगा"वर गेले. आता सवय झाली आहे. गुण आधी लिहायच्या नियमाने एक चांगली गोष्ट घडली : सातपैकी तीन वेळा दोघांचे गुण बरेच वेगळे आले आणि मग खरी चर्चा झाली, जी सहा राउंडच्या काळात मी कधी ऐकली नव्हती.

टूलरूमच्या प्रकरणानंतर प्लांट हेडनी मागणी केली की टूलरूमसाठी आणखी एक राउंड हवा, दुसऱ्या दिवशी बोलावून. मी नाही म्हटलेलं नाही. त्यांना एवढंच विचारलं की त्या राउंडमध्ये असं काय विचारणार, जे पहिल्या दिवशी विचारता येत नाही, आणि उत्तर वाईट आलं तर नाही म्हणायची सही कोण करणार? दोन्ही गोष्टी अर्ध्या पानात लिहून द्या, उमेदवाराच्या दुसऱ्या खेपेचं भाडं मी मंजूर करून घेते. कागद अजून आलेला नाही. पुढच्या बुधवारी टूलरूमच्या जागेसाठी नांदेडहून एक जण येतोय. त्याला दहाची वेळ दिली आहे आणि या वेळी तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर पाहिलं आहे.